झोपाळू वायफाय आणि म्हशीचा पान्हा

"माझ्या म्हशीचं दूध तुम्हीच आटवलंय!" कृष्णात कंपनीला फोनवर झापत होता.

गोठ्यासमोरच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकं ग्लास धरून धारोष्ण दुधाची वाट बघत होती. त्याची म्हैस गाण्याशिवाय पान्हा सोडायची नाही, म्हणून त्यानं लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारी, नेटवरून गाणी वाजवणारी डबी घेतली होती. पण गाणं मध्येच तुटायचं आणि म्हैस लाथ झाडायची. बंद करून चालू करा, एवढाच डबीच्या कंपनीचा मंत्र. त्यानं राउटर गोठ्यात आणला, वायर बदलली. शेवटी डबीच्या सेटिंगात शिरला, तर वीज वाचवायला वायफायला डुलकी घ्यायची मुभाच दिलेली! ती त्यानं बंद केली, तसं गाणंही चाललं आणि धारही. आज मात्र कंपनीचा अपडेट आपोआप आला, त्यानं डुलकीची मुभा परत दिली आणि वायफाय पुन्हा घोरायला लागलं.

"कृष्णातराव, म्हस रुसली व्हय?" एक गिऱ्हाईक ग्लास ठेवून निघालंच.

"सर, अपडेट तुमच्या फायद्यासाठीच असतो," फोनवरची बाई म्हणाली.

"ताई, चिमूटभर वीज वाचवून माझी बादली कोरडी ठेवलीसा. मला न इचारता माझा फायदा ठरवणारा त्यो शाना कोण हाय? नाव सांगा की!"