गार हात

नूतनने पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपला आणि चहाचा कप त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. हात गारढोण होता, ओलसर. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. गुणाजीचा जन्म शाडू मळण्यात गेलेला. लग्नात पहिल्यांदा हात धरला तेव्हाही तो असाच गार लागला होता, आणि त्यावरून ती त्याला आजवर चिडवत आली होती.

गणपती जवळ आले की पेणच्या त्या आळीत माणसाला आजारी पडायलाही सवड नसते. काल छातीवर दडपण आलं, तेव्हा गुणाजी ओव्याचं पाणी पिऊन पुन्हा डोळ्यांची आखणी करायला बसला. डोळे तो दुसऱ्या कुणाला रेखू देत नसे. आता कारखान्यात रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती तेवढी डोळ्यांवाचून राहिली होती.

“चहा प्या वो, निवतोय.”

गुणाजी धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला. “रोह्याची मूर्ती नेली काय गो?”

मूर्ती त्याच्या पुढ्यातच होती. नूतनला हसू आलं. “डोळं फुटलं काय तुमचं? ही काय समोर.”

त्यांची सून मृणाली कोपऱ्यात रंगाच्या वाट्या धूत होती. ती तशीच उठली. सासऱ्याच्या फिकट पडलेल्या ओठांकडे पाहत तिने त्याचं मनगट धरलं. नाडी सापडेना. सापडली ती अगदी बारीक, भरभर पळणारी. तिने दंड चाचपला. तोही गार.

“आई, बाबा सकाळपास्नं लघवीला गेले काय?”

“नाय. जागचे उठलेच नायत.”

“अंग किती गार पडलंय त्यांचं.”

“मातीतला माणूस तो. गारच असतो.”

“माती कधीच संपली, आई. आज नुसता ब्रश धरलाय त्यांनी.”

नूतनने त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. बोटांच्या टोकांना काळा रंग तेवढा होता. मातीचा कणही नव्हता. “रिक्षा बोलाव,” ती मृणालीला म्हणाली.

पेणच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि लगेच पनवेलला हलवायला सांगितलं. “हार्ट अटॅक कालच येऊन गेलाय. आता हृदय रक्त पुढे ढकलेनासं झालंय. म्हणून अंग गार, लघवी बंद आणि बोलणं असंबद्ध. अजून थांबला असतात तर...” गाडीत नूतन स्वतःला शिव्या घालत राहिली. जन्मभर धरलेला हात, आणि तिलाच कळलं नव्हतं.

पुढचे काही दिवस आयसीयूच्या काचेबाहेर बसण्यात गेले. मग एका दुपारी तिला आत सोडलं. गुणाजीने डोळे उघडले.

“रोह्याची मूर्ती?”

“गेली. मृणालीनं डोळं रेखलं. झ्याक झालेत.”

तो बारीकसं हसला. नूतनने त्याचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला.

“सिस्टर, यांना ताप भरलाय. हात बघा केवढा गरम.”

सिस्टरने कपाळाला, मग तळव्याला हात लावला. “ताप नाही, मावशी. आता रक्त नीट फिरतंय. माणसाचा हात असाच असतो.”

नूतनने तो हात पुन्हा उचलला. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला कुणीतरी दारात आलं, तरी ती उठली नाही.