सहा इंचांची रेघ

छापखान्यात वाद सुरू होऊन दीड तास झाला होता आणि अजून कोणी कागदाला हात लावला नव्हता. टेबलावर मोठा कागद उलगडून पडला होता. एका बाजूने प्रेसवाला त्याच्यावर वाकला होता, दुसऱ्या बाजूने भाचा, पण पाहत होते दोघे एकमेकांकडेच. मामा कोऱ्या कागदाच्या एका बंद गठ्ठ्यावर बसले होते. खुर्ची होती, पण तिच्यावर कोणाची तरी छत्री आणि जेवणाचा डबा होता, आणि ते उचलायला सांगणं काही मामांना जमलं नव्हतं.

वाद ताईच्या पुस्तकावरून होता. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण आणि भाच्याची आई. तिने चाळीस वर्षं शिवणकाम शिकवलं. प्रेसवाल्याची बायकोही तिच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे तोही तिला बाई म्हणायचा. सत्तरी उलटल्यावर ताईचा हात थरथरायला लागला, कात्री सरळ चालेना, तेव्हा तिने डोक्यातली सगळी मापं कागदावर उतरवली. पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला एक खिसा होता आणि खिशात घडी घातलेले बारा मोठे कागद. बाळाच्या फ्रॉकचा गळा, बाही, मुंढा, कॉलर, सगळं खऱ्या मापात. कागद कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि कापायचं. बाकीचा मजकूर, तिच्याच शब्दांत, खिसा लोंबकळू नये म्हणून होता. रविवारी तिच्या जुन्या विद्यार्थिनी ते पुस्तक न्यायला येणार होत्या, आणि आज गुरुवार होता.

सकाळी ताईने छापून आलेल्या पहिल्या संचातल्या गळ्यावर आपला जुना पुठ्ठ्याचा गळा ठेवला. पुठ्ठा चहूबाजूंनी नखाच्या कडेएवढा बाहेर आला. मग बाही ठेवली. तीही बाहेर आली. बाराच्या बारा कागदांवर सगळं अंग चोरून बसलं होतं. त्या मापाचा फ्रॉक बाळाच्या डोक्यातून खाली उतरला नसता.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," प्रेसवाला म्हणाला, "पीडीएफ देऊ नका, मूळ फाईल द्या. पीडीएफ म्हणजे तोंड शिवलेलं पोतं. आत काय आहे कळत नाही आणि उसवता येत नाही."

"उसवता येऊ नये म्हणूनच दिली," भाचा म्हणाला. तो एका कचेरीत संगणकाचं काम बघायचा आणि घरीही तसाच बोलायचा. "मूळ फाईल दिली होती तेव्हा काय झालं? तुमच्याकडे उघडली आणि कॉलर बाहीच्या पानावर जाऊन बसली."

"तुमचा फॉण्ट आमच्याकडे नव्हता. मागून घेतला, प्रश्न मिटला."

"पीडीएफमध्ये फॉण्ट आतच असतो. मागावा लागत नाही. जिथे उघडाल तिथे सारखीच दिसते."

"दिसते हो. दिसायला सगळंच छान दिसतं. छापताना ती काय करते ते आम्हाला विचारा."

"तेच विचारतोय. दीड तास."

मामांनी घसा खाकरला. कोणी पाहिलं नाही. उभा जन्म त्यांनी ग्रंथपाल म्हणून काढला होता आणि हळू बोलण्याची सवय हाडात मुरली होती. लोक त्यांचं वाक्य संपेपर्यंत दुसऱ्या विषयावर गेलेले असत.

आणि सांगायचं होतं ते काही सोपं नव्हतं. प्रेसवाल्याच्या डोक्यामागे भिंतीत एक खिळा होता. मंजूर झालेली मुद्रितं तो त्याला अडकवून ठेवायचा. त्या चळतीत वरून तिसऱ्या कागदावर मामांची सही होती. बारीक, सुवाच्य, तारखेसकट. ताईने मुद्रितं तपासायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. आजवर तिने त्यांच्यावर काही सोपवलं नव्हतं, साधं बटण लावायचंसुद्धा नाही. मामांनी तीन दिवस खपून बारा कागदांवरचं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली एक वाक्य होतं: कापण्यापूर्वी ही रेघ मोजावी, ती बरोबर सहा इंच असावी. पहिल्या मुद्रितात त्या वाक्यात स्वल्पविराम नव्हता. मामांनी तो बाराही ठिकाणी घातला होता.

रेघ मात्र मोजली नव्हती. सहा इंच असं लिहिलंच होतं.

"आमच्या कचेरीत," भाचा म्हणत होता, "दहा वर्षांपूर्वीची पीडीएफ आजही तशीच उघडते. तुमची मूळ फाईल दोन वर्षांनी तुमच्याच मशीनवर उघडून दाखवा."

"दोन वर्षांनी कशाला उघडू? मला आज छापायचंय."

"मला वाटतं," मामा म्हणाले.

"थांब मामा, एक मिनिट," भाचा म्हणाला, आणि ते मिनिट आणखी पंधरा मिनिटं चाललं.

मग ताईच आली. गळ्यात टेप, काखेत पुठ्ठ्याच्या नमुन्यांची पिशवी. तिने खुर्चीवरची छत्री आणि डबा उचलून प्रेसवाल्याच्या हातात दिला आणि बसली.

"काय ठरलं?"

"आई, चूक फॉर्मॅटची नाही, हे मी यांना..."

"बाई, मी यांना सांगत होतो की पीडीएफवर भरवसा..."

"म्हणजे काही ठरलं नाही." तिने टेप काढली आणि कोपऱ्यातल्या रेघेवर धरली. हात थरथरत होता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं. "पावणेसहा. आणि खाली लिहिलंय सहा. हे छापायच्या आधी कोणी बघितलं होतं?"

प्रेसवाल्याच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. तो खिळ्याकडे वळू लागला. मामा गठ्ठ्यावरून उठले.

"मी," ते म्हणाले. "सही माझी आहे. वाक्य वाचलं, रेघ मोजली नाही."

आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या मशीनवरच्या माणसानेही मान वळवली. ताई भावाकडे वळली.

"पुस्तक्या," ती म्हणाली. लहानपणापासून ती त्यांना हेच म्हणायची. "रेघ मोजावी असं तिथे लिहिलं होतं ना?"

"होतं."

"ते तू वाचलंस."

"बारा वेळा."

"ताप आला की औषधाच्या बाटलीवरची सूचना आम्हाला वाचून दाखवायचास, आणि औषध तसंच." तिने टेप गुंडाळली. "बरं. सहीचं नंतर बघू. रेघ काही सहीने आखडली नाही."

"तेच तर," प्रेसवाला म्हणाला, "ती पीडीएफमुळे..."

"तुझ्याकडे मूळ फाईलही आहे ना? मग दोन्हींतून एकेक कागद छाप. माझ्यासमोर. आणि कागद बाहेर येईपर्यंत दोघांपैकी कोणी बोलू नका."

दोन्ही कागद आले. ताईने मोजले. पीडीएफची रेघ पावणेसहा इंच. मूळ फाईलची रेघ पावणेसहा इंच. भाच्याचा आणि प्रेसवाल्याचा चेहरा एकाच वेळी पडला, आणि दीड तासात पहिल्यांदाच दोघे एकसारखे दिसले.

"म्हणजे मशीनच बिघडलं," भाचा म्हणाला.

"मशीन नवीन आहे."

"नवीन असलं म्हणून काय..."

मामा तोवर संगणकाच्या पडद्याजवळ गेले होते. छापण्याचा आदेश देताना उघडणारी चौकट अजून तशीच होती. समोर छापील अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. दुकानाच्या पाट्या, पावतीच्या मागच्या अटी, काहीही. त्यांनी चौकट वरून खाली वाचत नेली. प्रती किती, कागद कोणता, रंगीत की काळं. तळाशी अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. "कागदात मावेल असं करा, असं लिहिलंय."

प्रेसवाला वाकला. मग सरळ झाला आणि छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ते आधीच्या कामाचं," तो सावकाश म्हणाला. "शाळेच्या प्रश्नपत्रिका होत्या, कडेची अक्षरं कापली जात होती. तसंच राहिलं."

"म्हणजे काहीही पाठवलं असतं तरी..." भाचा म्हणाला.

"आखडूनच आलं असतं."

"मग दीड तास आपण काय करत होतो?"

"तुम्ही सुरुवात केलीत."

"मी?"

"खूण काढ," ताई म्हणाली.

खूण निघाली. कागद आला. ताईने टेप उचलली आणि मग ती तिने भावापुढे धरली. मामांनी टेपचं टोक रेघेच्या एका टोकाला लावलं, चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला. सहा. त्यांनी उलट्या बाजूने मोजून पाहिलं. सहाच.

"बाई, तीनशे संच रविवारपर्यंत होणार नाहीत," प्रेसवाला म्हणाला. आता त्याच्या आवाजात फॉर्मॅट नव्हता. "चाळीस होतील."

"येणाऱ्या चाळीसच आहेत. बाकीचे मागाहून दे. आणि ते जुने कागद आधी मधोमध फाड, मग काय वापरायचे ते वापर. एखादीच्या हाती लागले तर पोराचं डोकं अडकेल." ती उठली. "हा इथेच बसेल. प्रत्येक कागद मोजेल आणि मगच घडी घालू देईल."

"प्रत्येक?" प्रेसवाल्याने विचारलं. "चाळीस बारे चारशे ऐंशी होतात."

"त्याला सही करायची हौस आहे," ताई म्हणाली आणि पिशवी काखोटीला मारून निघून गेली. दारातून बाहेर पडेपर्यंत भाचा तिच्यामागून सांगत होता की पीडीएफमध्ये खरं तर माप कोंडून ठेवायची सोय असते, फक्त ती कोणी वापरत नाही.

मामा रिकाम्या खुर्चीवर बसले. पहिला कागद आला, गरम होता. त्यांनी रेघ मोजली. सहा. दुसरा आला. सहा. सातव्या कागदावर त्यांची नजर रेघेखाली घसरली. स्वल्पविराम जागच्या जागी होता आणि अतिशय सुबक उमटला होता. हे कोणाला तरी दाखवावं असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी टेप सरळ केली आणि आठवा कागद ओढला.