वारस आढळले नाहीत

सिनिराने एलेकानाला बस म्हटले नाही. त्यांच्या बेटावर बिनभिंतीच्या घरापुढे पाहुण्याला ताटकळत ठेवणे म्हणजे हात न उगारता थोबाडीत देणे. तो खाली, खडीवरच टेकला.

"मावशी, एसेकिएलु पाद्रींचं बायबलातल्या ईयोबावरचं भाष्य आपली चर्चची मंडळी पुन्हा छापतेय. शताब्दीसाठी. नात म्हणून तुमची परवानगी लागते."

"तापाच्या साथीत वर्गणी मागणार नाही म्हणाले, म्हणून ज्यांचं घर जाळलंत, तेच ना?"

"तेव्हा मी जन्मलोही नव्हतो."

"मंडळी जन्मली होती ना? शताब्दी तिचीच आहे."

मंडळीने घेतलेला वारसांचा शोध शास्त्रशुद्ध होता. जिथे वारस असण्याची शक्यता नव्हती, तिथे तो कसोशीने झाला. लंडनला पत्र गेले, ऑकलंडच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली. देवळामागच्या या घरी मात्र कोणी फिरकले नाही. मंडळीच्या कार्यालयाचा कारकून एलेकाना आला, तो कोणी न पाठवता, स्वतःहून.

"अध्यक्षांना काय सांगू?"

"चटई घेऊन या म्हणावं. चांगली, बारीक विणीची. जुन्या रीतीप्रमाणे सगळ्या वडीलधाऱ्यांनी ती डोक्यावरून पांघरून इथं उन्हात बसायचं. मी ती उचलली, तर माफी. मग पुस्तक तुमचं."

कार्यालयात हे ऐकून अध्यक्ष, पाद्री लाउइना, हसले. "म्हातारीपुढं आम्ही लोळण घ्यायची? अरे, वारस म्हणजे कायद्यानं सापडलेला माणूस. ती नुसती तिथं राहते."

"साहेब, मी भेटलोय त्यांना."

"ती तुझी खासगी बाब. पेन्शन हवंय ना तुला? मग या निवेदनावर कर सही."

एलेकानाने सही केली.

ग्रंथ देखणा निघाला. प्रस्तावनेत एसेकिएलु 'आमचे परमप्रिय पूर्वसूरी' झाले होते, आणि 'किंचित गैरसमजातून' त्यांनी गाव सोडले होते. शेवटच्या पानावर निवेदन होते: कसून शोध घेऊनही वारस आढळले नाहीत. खाली एलेकानाचे नाव. त्या साऱ्या ग्रंथात खरे लिहिणारा एकच माणूस होता, आणि तो मूळ लेखक होता.

रविवारी देवळाची घंटा झाली, तेव्हा एलेकाना सिनिराच्या घरापुढे बसला होता. डोक्यावर आईची चटई, मांडीवर ग्रंथ. चटईच्या झालरीखालून त्याला फक्त पावले दिसत होती. पांढऱ्या पोशाखातली मंडळी थबकत, कुजबुजत, पुढे जात होती. काळ्या, चकचकीत बुटांचा एक जोड थांबला.

"ऊठ, एलेकाना! कसला तमाशा हा?" लाउइनांचा आवाज.

तो हलला नाही. बूट निघून गेले.

मग अनवाणी पावले आली.

"चटई एकच?"

"एकच, मावशी. बाकीचे यायचे नाहीत. सही माझी होती."

"मग बस."

प्रार्थना संपली. ऊन डोक्यावर आले. पावले पुन्हा आली. सिनिराने त्याच्या मांडीवरून ग्रंथ उचलला, पदराने पुसावा तसा झग्याच्या टोकाने पुसला आणि दोन्ही हातांवर धरून आत नेला.

"या, आजोबा," ती आत म्हणाली.

चटई त्याच्या डोक्यावर तशीच होती.