चौदा चिठ्ठ्या

“आपा, अजून एक! अजून एकच!” चाळीस पोरं एका सुरात ओरडत होती आणि मी टेबलापाशी रजिस्टरात डोकं खुपसून बसले होते. बावीस वर्षं या शाळेचं ग्रंथालय सांभाळते आहे. माझ्या तासाला ‘अजून एक’ कधी कुणी म्हटलं नाही. घंटा झाली की पोरं दारात.

गेल्या वर्षी बाजारात तणातणी झाली, आठ दिवस शाळा बंद राहिली. तेव्हा आमचे मुख्याध्यापक बद्रीनाथ सर पलीकडच्या गल्लीतल्या उर्दू शाळेत जाऊन ठरवून आले. दर शनिवारी दोन्हीकडची पोरं आमच्या ग्रंथालयात एकत्र बसतील, एकमेकांच्या भाषेतल्या गोष्टी ऐकतील. “गोष्टी ऐकता ऐकता लेकरं एकमेकांची व्हतील, मॅडम,” सर म्हणाले. झाली की! एका डब्यातून खायलासुद्धा लागली. माझी मात्र कुणी राहिली नाहीत.

सगळी नाझेमा आपांची झाली. त्या उर्दू शाळेतल्या शिक्षिका. उर्दूतून वाचायच्या आणि तिथल्या तिथं मराठीत सांगायच्या. बकरीचा आवाज काढायच्या, कोतवालाचा काढायच्या. मी मराठी गोष्ट नीट, स्पष्ट उच्चारात वाचायची आणि पोरं जांभया द्यायची. तेही चाललं असतं. पण सोनिया? पहिलीपासून माझ्या टेबलाला चिकटून बसणारी, पुस्तकांवर नंबर घालणारी, ‘मोठी झाले की मॅडमच्या खुर्चीत मीच बसणार’ म्हणणारी सोनिया. ती एके दिवशी उठली आणि आपांच्या शेजारी जाऊन बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाचवीतल्या पोरीवर कुणी रुसतं का? मी रुसले.

त्यात आपांनी घरची चौदा उर्दू पुस्तकं शाळेला दिली. पातळ, गोष्टींची, एकही कोरं पान नसलेली. नोंद करून त्यांत परतीच्या तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. मी मैद्याची खळ केली आणि पहिल्या पानावर चिठ्ठी डकवायला लागले. दोन पुस्तकं झाली, तेवढ्यात झाडायला आलेली कडूबाई थबकली.

“बाई, ह्ये कुठं लावायल्या? आपा तर तिकडून वाचतेत. ह्ये शेवटचं पान हाय.”

उर्दू उजवीकडून सुरू होते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. या शहरात इतकी वर्षं काढली, उर्दू पाट्या रोज बघते. हाताची सवय, दुसरं काय.

“तुमचं झाडायचं झालं का?” मी म्हणाले. ती गेली. मग उरलेल्या बारा पुस्तकांच्याही शेवटच्या पानावरच मी चिठ्ठ्या लावल्या. भरपूर खळ लावून, कोपरे दाबून. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शनिवारी आपांनी त्यातलंच एक उघडलं. हरवलेल्या बकरीची गोष्ट होती. म्हातारी बाजारभर हाका मारत फिरते, दुकानं बंद व्हायला लागतात. माझं माहेर देवगाव रंगारीचं, शेळ्यामेंढ्यांतलं. नको नको म्हणता माझेही कान तिकडे लागले. म्हातारीला कुठूनसा घुंगराचा आवाज आला आणि आपांनी पान उलटलं. तिथं शेवटच्या ओळींवर माझी चिठ्ठी होती. थांबल्या. दुसरं पुस्तक उघडून पाहिलं, तिसरं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“गलती माझी हाय, बच्चों,” त्या म्हणाल्या. “किताब कुठून खुलते ते मॅडमना मी सांगायला पायजे होतं.”

“मॅडमनी मुद्दाम नाय केलं,” कुणी काही म्हणायच्या आत सोनिया सगळ्यांना दटावत म्हणाली. “त्या पुस्तकाला लई जपतात. मला ठाऊक हाय.”

आपांनी सांभाळून घेतलं ते मी गिळलं असतं. सोनियाचं बोलणं गिळवेना. मी उठले.

“दोन चुकून लागल्या,” मी म्हणाले. “बारा मी समजून उमजून लावल्या. तुम्ही सगळी आपांकडं गेलात. मला बघवलं नाही.”

सोनियानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला माझी लाज वाटत होती.

“अब्बांची किताबं होती,” आपा एवढंच म्हणाल्या. मग कडूबाईकडून ओलं फडकं मागवलं. चिठ्ठी निघाली, पण तिच्याबरोबर छापलेल्या ओळीही निघाल्या.

“मला सगळ्या गोष्टी पाठ हायेत. मी सांगते, तुम्ही कागदावर लिव्हा. मराठीत. मग तोच कागद तिथं चिकटवा.” त्यांच्या आवाजात माया नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

मी पेन घेतलं. आपांच्या एका बाजूला सोनिया होती, दुसऱ्या बाजूला त्यांच्या शाळेतली एक मुलगी. सोनिया जागची हलली नाही. मी पोरांच्या पहिल्या रांगेत फरशीवर मांडी घातली. दोघं-तिघं सरकली.

“तर घुंगरू वाजलं,” आपा म्हणाल्या. “म्हातारी गल्लीच्या तोंडाशी उभी ऱ्हायली.”

मी लिहिलं. आपा दम घ्यायला थांबल्या.

“मग? सापडली का बकरी?” मी विचारलं. पोरांच्याही आधी.