गरम सीटची फियाट

आता कोल्हापुरात कुणी सीट गरम करायला निघालं, तर माणसं हसणार न्हाईत तर काय करणार? उन्हाळ्यात गाडीत बसलं की बूड भाजतं इथं. मंगळवार पेठेतल्या रामलिंगनं आपल्या जुन्या फियाटला हीटरच्या गाद्या बसवायला घेतल्या, तेव्हा गल्लीनं त्याला सोडलं नाही. पापड भाजून मिळतील का, असंही एकानं विचारून घेतलं.

रामलिंगचा धंदाच गाड्यांच्या वायरिंगचा. हसणारे हसोत, खरं कारण त्याच्या घरात बसलं होतं. त्याची आई, बसम्मा; तो तिला अव्वा म्हणायचा. तिची कंबर अशी धरायची, की गाडीत बसून गावाबाहेरचा शिरोलीचा नाका येईपर्यंत बाई रडकुंडीला यायची. दोन वर्षं ती कुरुंदवाडला थोरल्या बहिणीकडं, अंबूबाईकडं गेली नव्हती. अंबूबाईचे गुडघे गेलेले, त्यामुळं तिचंही येणं बंद. शेक दिला की बसम्माला बरं वाटायचं, पण गरम पाण्याची पिशवी वाटेतल्या हातकणंगल्याच्या आधीच गार व्हायची. "आक्काचं तोंड बघायचं राहूनच जातंय बघ," असं ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, आणि ते रामलिंगच्या फार जिवाला लागलं.

स्क्रॅपमध्ये आलेल्या एका परदेशी गाडीच्या सीटमधल्या गाद्या त्यानं कागलच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्याकडून मिळवल्या. फियाटच्या पुढच्या दोन्ही सीटा उसवून त्या आत घातल्या. बॅटरीपासून जाड वायर ओढली, वाटेत फ्यूज दिला, डॅशबोर्डखाली रिले, म्हणजे जादा करंट झेलणारा आपोआप चालणारा स्विच, बसवला. चावी फिरवल्याशिवाय करंट जाणार नाही, अशीही सोय केली. अव्वा स्विच बंद करायला विसरणार हे त्याला पक्कं ठाऊक. दोन सीटांना दोन स्विच, प्रत्येकात लाल दिवा. दोन्हीकडं हात ठेवून बघितला, छान ऊब आली. गडी खूश झाला.

जानेवारीतल्या एका सकाळी मायलेक निघाले. हातकणंगलं आलं तरी बसम्मा ओठ आवळून कंबर धरून बसलेली. रामलिंगची स्वतःची सीट तर मस्त तापलेली, आणि हिच्याही स्विचचा दिवा लागलेला. फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली की काही तापत नाही, पण राहू दे. पोराच्या कष्टाला नाव ठेवायला नको म्हणून ती सोसत बसली होती. रामलिंग पेचात पडला. असंच पुढं न्यावं तर तिचे हाल, आणि इथनं मागं फिरलं तर ही पुन्हा गाडीत पाऊल घालणार नाही.

त्यानं गाडी कडेला घेतली. फ्यूज शाबूत होता. स्विच दाबला की रिले टिक करत होता. राहिला सीटखालचा जोड. तो बघायला त्यानं अव्वाला उतरवलं, सीटकव्हरच्या नाड्या सोडल्या, आणि आतनं निघाली वाकळ! जुन्या लुगड्यांची, चौपदरी घडी घातलेली. तो अंघोळीला गेल्यावर बसम्मानं गुपचूप कव्हराखाली सरकवलेली. सगळी ऊब त्या वाकळंखालीच कोंडून बसलेली.

"एवढं नवं केलंयस," बसम्मा म्हणाली. "त्यावर काय न घालता कसं बसायचं? मळंल की."

कपाळावर हात मारावा की हसावं, रामलिंगला कळेना. शेवटी तो हसलाच. वाकळ डिकीत गेली. जयसिंगपूर यायच्या आत बसम्माची पाठ सैल पडली, आणि शिरोळपासनं तर तिनं दिसेल त्या उसाच्या मालकाची कुळकथा सांगायला घेतली. रामलिंगला लई बरं वाटलं.

कुरुंदवाडात अंबूबाई काठी टेकत दारात आली. रामलिंग आईला हात द्यायला वळला, तर बसम्मा काही उतरेना. आक्कालाच तिनं आत बोलावलं. मग काय, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून, इंजिन चालू ठेवून रामलिंगनं मावशीला आपल्या जागी बसवलं. अंबूबाईनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गुडघ्यांखाली ऊब लागली तशी तिनं डोळेच मिटले. मग दोघी कानडीत सुरू झाल्या, त्या थांबेचनात.

आतनं जेवायची हाक आली, पुन्हा आली. रामलिंगनं काचेवर टकटक केली. बसम्मानं काच खाली घेतली. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं.

"तू जा, जेवून घे," ती म्हणाली. "आमचं दोन वर्सांचं बोलायचं हाय."