वाजवून घ्या

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगाव या गावाच्या बाजारात भिवराबाईचं मडकं कधी परत आलं नाही. गिऱ्हाईक पुढ्यात बसलं, की ती मडकं डाव्या तळव्यावर धरायची, उजव्या बोटाचं पेर त्यावर आपटायची आणि म्हणायची, "वाजवून घ्या." खणखणीत वाजलं तर पक्कं. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा, नाहीतर भाजणीत कच्चं. तसलं मडकं ती गिऱ्हाइकादेखत बाजूला काढायची.

पण शहाण्णव साल येईपर्यंत वाजवायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. बाजारात प्लास्टिकच्या घागरी आल्या, अंबाजोगाईत घरोघर फ्रीज आले. भिवराबाई आणि तिचा नवरा भागवत दिवाळीनंतर चाक झाकून ऊसतोडीला जाऊ लागले. यंदा मात्र जायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं, ते राकूच्या जोरावर.

राकू ही भाजणीची मूळची जपानी, पुढे अमेरिकेत बदललेली रीत. पुण्याच्या एका बाईंच्या शिबिरात भागवत ती शिकला होता. आपल्याकडे भट्टी आपोआप निवू देतात. राकूत लालभडक वस्तू लांब चिमट्याने बाहेर काढायची आणि पाचट भरलेल्या पिंपात टाकून झाकण दाबायचं. काचेच्या लेपाला बारीक चिरा पडतात, धूर त्यांत शिरून काळ्या रेघा होतात आणि लेपातलं तांबं झळकू लागतं. अंबाजोगाईचे कापडव्यापारी मन्मथप्पा यांनी नव्या घराच्या दिवाणखान्याच्या भिंतीसाठी असं कपिलधार तीर्थाचं चित्र सांगितलं होतं. फरशा जोडून केलेला धबधबा, खाली कुंड. त्यांचे मेहुणे, व्याही, सगळेच नवी घरं बांधत होते. ही एक भिंत पसंत पडली, तर पुढची कामं ठरल्यातच जमा होती.

फरशा पोत्यांत गुंडाळून दोघं एसटीने गेले. सतरंजीवर मांडल्या. खिडकीतलं ऊन पडलं, तशी पाण्याची धार पेटल्यासारखी झाली. मन्मथप्पा कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी भागवतला खुर्चीवर बसायला सांगितलं. आजवर त्याला या घरी कोणी खुर्ची दिली नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी महानंदाबाई आतून आल्या. काळ्या रेघांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हे तडकलंय का?"

भागवत तोंड उघडणार, त्याआधी भिवराबाईने फरशी उचलली होती.

"तडकलेलं न्हाई ओ आक्का. वाजवून घ्या."

पेर आपटलं. बद्द.

तिने दुसरी उचलली. तीही बद्द. तिसऱ्या फरशीपाशी तिचा हात थांबला.

भागवतने परोपरीने समजावलं. चिरा फक्त वरच्या लेपाला आहेत. माती मुद्दाम भरड कालवून, कमी भाजून सच्छिद्र ठेवलेली असते. दाट, वाजणारी माती असती तर चिमट्यातच फुटली असती. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मन्मथप्पा हसले.

"भागवत, बद्द वाजलं की घेऊ नका, हे तुमीच शिकवलं आमाला. आता म्हणतोस, बद्दच चांगलं."

नव्या वास्तूत तडकलेलं लावायचं नाही, असं महानंदाबाईंनी सांगून टाकलं. मागे पाण्याच्या मोटारीची खोली आहे, तिथे लावू, मेहनत वाया कशाला, असं मन्मथप्पा म्हणाले. भागवत खुर्चीवरून उठला आणि फरशा पोत्यात भरू लागला.

स्टँडवर पोतं खाली ठेवत त्याने विचारलं.

"तुला कावून वाजवायची होती?"

"वाजत न्हाई म्हणून तुमी सांगितलं का कधी?"

"भिंतीवरची वस्तू कोण वाजवून बघतं?"

एसटी आली. वडगाव येईपर्यंत पोतं दोघांच्या मधे होतं.

पुढच्या आठवड्यात मुकादम आश्रुबा तोडीसाठी माणसं जमवत घरोघर फिरला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. अंगणात येऊन त्याने हसत विचारलं, "काय बे, यंदा कलाकार झालास म्हणं?"

"आमचा एक कोयता धरा," भागवत म्हणाला.

भिवराबाई चुलीपासून उठून दारात आली. आश्रुबाने तिच्याकडे पाहिलं.

"कारभारीण तयार हाय का?"

"तिला काय विचारायचं," भागवत म्हणाला.