वाढवलेलं डोरलं

नर्सनं अंगावरचं सगळं उतरायला सांगितलं, तेव्हा मलकापूरच्या धोंडुबाईनं बुगड्या दिल्या, पुतळ्यांची माळ दिली. डोरलं मात्र दिलं नाही. काळ्या मण्यांचा सर गळ्याभोवती दोनदा गुंडाळून मागं करकचून गाठ मारली, वरून दवाखान्याच्या झग्याच्या नाड्या बांधल्या. मालक, गणपतराव, बाहेर बाकावर बसले होते; दिवाळीत त्यांच्या छातीत कळ आली होती. तेव्हापासून डोरल्याला ती हातसुद्धा जपून लावी.

डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. उरलेला दिवा तेवढाच.

भुलीचं इंजेक्शन झालं. तोंडावर हिरवं कापड आलं. डॉक्टरांनी डोळ्यावर दाब मोजायचं यंत्र टेकवलं.

"एकतीस? काल सतरा होता की!"

"परत बघा सर," सिस्टर पवित्रा म्हणाल्या.

"बघितलं. दगड झालाय. असा कापला तर आतलं सगळं उसळून बाहेर येईल. आजी, दम कोंडलाय काय?"

"न्हाय वो."

"लघवीला लागलीय?"

"सकाळधरनं पाण्याचा घोट न्हाय, लागंल कशी?"

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "पाच मिनिटं थांबू. उतरला नाही, तर आज कापायचं नाही."

कानशिलात घणाचे घाव पडत होते. आवंढ्यागणिक गाठ रुतत होती. पाटाच्या तोंडाला माती लोटली की मागं पाणी फुगतं, हे शेतातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. डोळा धरावा तर कुंकू, कुंकू धरावं तर डोळा.

"सिस्टर," ती पुटपुटली, "गळ्यात हाय."

पवित्रांचा हात कापडाखाली गेला. "अगं अव्वा! केवढं आवळलंय हे!" गाठ नखाला दाद देईना. कात्री वाजली.

"तोडू नगा!"

पवित्रा कानाशी वाकल्या. "तोडत नाही, अव्वा. वाढवते. एक मणी भुईला लागू देणार नाही."

कापडाखाली धोंडुबाईनं तळहात पसरला. मग म्हणाली, "वाढीव, बाई."

कच्. अडलेला श्वास खोल उतरला. ऊनऊन मणी मुठीत आले.

पुन्हा यंत्र टेकलं. "सव्वीस... थांबा." यंत्र आणखी एकदा टेकलं. "अठरा. सुरू करू या. आजी, आता बोलायचं नाही, हलायचं नाही."

"आदी मालकांस्नी बघून या कुनीतरी."

"अहो, डोळा उघडा आहे तुमचा!"

"ऱ्हाऊ दे उघडा."

पवित्रा दाराबाहेर गेल्या, आल्या. "बशीत ओतून चहा पितायत. बिस्किट मागून घेतलंय."

"व्हय?" धोंडुबाईनं मूठ छातीवर टेकवली. "मग कापा."